मागचा डावा

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत विनोद सुर्वेचं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, होम थिएटर, असं सगळं तिथे येतं. आषाढात त्याच्याकडे काम वाढतं. खाऱ्या हवेनं तांबं हिरवं पडतं, पट्ट्यांवर बुरशी चढते, उबेला पाली सेटात शिरतात आणि आत कुठेतरी चिकटून मरतात. लोक सांगत येतात की सेट आपोआप बंद पडला. आपोआप काही होत नाही, असं विनोदचं ठाम मत. मुंबईत एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्यानं उमेदीची वर्षं काढली होती, वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा तो गावी परतला होता. आवाज एका टोकानं आत जातो, दुसऱ्या टोकानं बाहेर पडतो. मध्ये तो कुठे अडकला ते हुडकायचं, की झालं काम. देवाधर्माचं तो घरच्यांपुरतं करायचा. भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा सांगायला जायचा.

अशाच एका भिजट दुपारी अक्षया भाटकर दुकानात आली. जिल्हा परिषदेत नोकरी, राहायला भाट्याला. घरातल्या होम थिएटरचा एक स्पीकर वाजत नाही, असं तिनं सांगितलं. सेट घेऊन या, बघतो, असं विनोद म्हणाला. ती म्हणाली, नको, तुम्हीच या, तारा भिंतीतून गेल्यात, तिथेच काय ते कळेल. मग छत्री उघडता उघडता थांबली आणि म्हणाली की घरी सासूबाई असतात, त्या काही बोलल्या तर मनाला लावून घेऊ नका.

पूल ओलांडून भाट्याला शिरलं की रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला नारळीच्या आडोशानं जी घरं आहेत, त्यातलं भाटकरांचं एक. जुनं घर चिऱ्याचं, त्याला जोडून नवा हॉल काढलेला. हॉलच्या मागे परसू, परसात कपडे धुवायचा दगड, त्याच्यापलीकडे कुंपणाचा गडगा आणि मग सुरूचं बन. बनातून समुद्र दिसत नव्हता, पण त्याचा आवाज भिंतीला टेकून बसल्यासारखा सारखा येत होता.

हॉल चांगला होता. ज्यानं केला त्यानं मन लावून केला होता. समोरच्या भिंतीला टीव्ही, त्याच्या दोन बाजूंना उंच स्पीकर, मधोमध एक आडवा. टीव्हीसमोर, पाठच्या भिंतीपासून थोडा सुटा, लांब सोफा. सोफ्याच्या पाठच्या भिंतीवर दोन फळ्या आणि त्यांच्यावर दोन लहान स्पीकर, मागचा उजवा आणि मागचा डावा. सगळ्यांचा धनी, काळा जाडजूड जपानी रिसिव्हर, टीव्हीखालच्या कपाटात. भिंतींना ओल आली होती आणि न वाळलेल्या चादरींचा वास खोलीत भरून होता.

सोफ्याच्या डाव्या टोकाला, मागच्या डाव्या स्पीकरच्या बरोबर पुढ्यात, एक बारीकशी म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. अंगावर स्वेटर, त्याच्यावरून पदर. त्या यमुनाबाई, अक्षयाच्या सासूबाई. विनोदनं काकी म्हणून नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि त्याच्या हातातल्या पेटीकडे बघत राहिल्या.

विनोदनं सेट चालू केला. बाकी सगळे स्पीकर वाजले, मागचा डावा गप्प. त्यानं रिसिव्हरच्या पाठीमागे मागच्या दोघांच्या तारा आपसांत बदलल्या. लगेच डावा वाजला आणि उजवा गप्प झाला. म्हणजे स्पीकर बरा, तारही बरी. रिसिव्हरमधून डाव्याला जाणारी वाटच बंद होती. यात गूढ असं काही नव्हतं. गुडघ्यावरून उठत, नेहमी गिऱ्हाइकाला सांगावं तसं तो अक्षयाला म्हणाला, "मागचा डावा मेलाय. बाकी सेट ठणठणीत आहे."

"मेला म्हणू नको रे," यमुनाबाई म्हणाल्या.

आवाज बारीक होता, रागाचा नव्हता. विनोदनं वळून पाहिलं.

"संध्याकाळचा खाकरतो तो. दोनदा मला हाक मारलान्. लांबनं मारलान्, पण मारलान्."

अक्षयानं विनोदला चहाला म्हणून पडवीत नेलं. तिथे पागोळ्यांच्या आवाजात, खाली बघत, तिनं सगळं सांगितलं. हॉल तिच्या नवऱ्यानं केला होता. निलेश जहाजावर इंजिनिअर होता. दर खेपेला सुट्टीवर आला की दोन दिवस तारांत आणि स्पीकरांत, मग संध्याकाळी आई आणि तो दोघं सोफ्यावर, आईला मधोमध बसवून जुनी नाटकं ऐकवायचा. रिसिव्हर त्यानं जपानहून स्वतः आणलेला. गेल्याच्या गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला भर समुद्रात एका सकाळी तो कामावर हजर झाला नाही. जहाजभर शोधलं. मग जहाज मागे फिरलं, आल्या वाटेचं पाणी हुडकलं, आणि पुढे गेलं. तेवढंच. यमुनाबाईंनी दिवसकार्य असं काही करू दिलं नव्हतं, भिंतीवर फोटोही लावू दिला नव्हता. अक्षयाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. त्याचं काय करायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मागचा डावा कधी बंद पडला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पण तो बंद पडल्यावरच यमुनाबाईंना त्यातून ऐकू येऊ लागलं होतं. त्या दिवसभर त्याच्यापुढ्यात बसायच्या. घास दोन घास खायच्या. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की कोल्हापूरला नेऊन शस्त्रक्रिया करा, पावसाळा संपायची वाट बघू नका. त्या घर सोडायला तयार नव्हत्या. तो आला आणि दाराला कुलूप असलं तर, एवढंच विचारायच्या.

"विनोददादा, एकतर तो नीट वाजू दे, नाहीतर कायमचा गप्प करा," अक्षया म्हणाली. "हे अधलंमधलं नको."

तुम्हाला कधी ऐकू आलं का, असं विनोदनं विचारलं. तिनं मान हलवली. मी बसून पाहिलंय त्यांच्याशेजारी, ती म्हणाली, कान देऊन. मला एकदाही नाही. हे सांगताना तिचा चेहरा काहीसा कडवट झाला, आणि हा कडवटपणा सासूवरचा नव्हे, हे विनोदला जाणवलं.

दुकानात आणून त्यानं रिसिव्हर उघडला. दोष लगेच सापडला. प्रत्येक स्पीकरच्या वाटेवर आत एक रिले असतो, दार उघडावं-मिटावं तसा तो आवाज सोडतो किंवा अडवतो. मागच्या डाव्याचा रिले आतून काळा पडला होता, आणि त्याच्या शेजारची तांब्याची पट्टी खाऱ्या ओलीनं पार खाऊन टाकली होती. मध्ये बोटाच्या पेराएवढी मोकळी जागा. त्या वाटेनं कुजबूजसुद्धा पलीकडे जाणं शक्य नव्हतं. विनोदनं नवा रिले बसवला, तुटल्या पट्टीवरून तार ओढून कथलाचा डाग दिला, सगळा सर्किट बोर्ड स्पिरिटनं घासून पुसला आणि सेट काही दिवस टेबलावर वाजत ठेवला. कुठे खरखर नाही, कुठे तापणं नाही.

म्हातारीच्या ऐकण्याचाही त्यानं विचार केला. स्पीकरच्या लांब तारा कधीकधी एरियलचं काम करतात. जवळच खाडी, खाडीत होड्या, होड्यांवर वायरलेस. एखाद्या तांडेलाचं बोलणं, खोकणं त्या तारांनी पकडलं असेल आणि ते उजव्या स्पीकरमधून फुटलं असेल. या वयात आवाजाची दिशा कुठे कळते. हे कारण त्याला पटलं. त्यानं तारांवर चढवायला फेराइटच्या काळ्या कड्या घेतल्या, त्या चढवल्या की असले उपरे आवाज थांबतात, आणि सेट घेऊन तो पुन्हा भाट्याला गेला.

पडवीत त्यानं अक्षयाला होड्यांच्या वायरलेसचं समजावून सांगितलं. ऐकताना तिचे खांदे सैल पडले. असं असतं होय, असं ती दोनदा म्हणाली.

कड्या चढवून, तारा जोडून विनोदनं सेट लावला. मागचा डावा आता स्वच्छ वाजत होता. शेवटचं एक काम उरलं होतं. अशा रिसिव्हरबरोबर एक छोटा माईक येतो. ऐकणाऱ्याचं डोकं जिथे असतं तिथे तो ठेवायचा. मग रिसिव्हर एकेका स्पीकरमधून पाखरानं चिवकावं तसा आवाज सोडतो, तो माईकपर्यंत यायला किती वेळ लागला ते बघतो, आणि त्यावरून कुठला स्पीकर किती लांब आहे ते आपलं आपण ठरवतो. त्या वेळात खोलीत कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. यमुनाबाईंना अक्षयानं हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. विनोदनं माईक सोफ्याच्या मधल्या गादीवर, एका स्टुलावर कानाच्या उंचीला ठेवला आणि दारात जाऊन उभा राहिला.

समोरचा डावा चिवकला. मधला. समोरचा उजवा. मागचा उजवा. मागचा डावा.

टीव्हीच्या पडद्यावर आकडे आले. समोरचे तीन मीटरच्या आसपास, मागचा उजवा दोनाच्या आत. सगळे बरोबर. मागच्या डाव्यापुढे लिहिलं होतं, अठरा मीटर.

विनोदला हसू आलं. खोलीच अठरा मीटरची नव्हती. त्यानं तारा अडकवायच्या खुंट्या घट्ट केल्या, तारा उलट लागल्या नाहीत ना ते तपासलं आणि पुन्हा मोजायला लावलं. चिवचिव फिरून झाली. बाकी आकडे तेच. मागचा डावा चौदा.

आता तो हसला नाही. रिले जोडताना आपणच काही गोंधळ घातला असेल, असं त्याला वाटलं. पण तसला गोंधळ असता तर आकडा काहीही आला असता, मागेपुढे झाला असता; हा नुसता जवळ आला होता. त्यानं पेटीतून टेप काढून स्टुलापासून फळीपर्यंतचं अंतर मोजलं. दोन मीटरला चार बोटं कमी. तिसऱ्यांदा मोजायला लावलं तेव्हा तो दारात न थांबता फळीजवळ कान देऊन उभा राहिला. चिवकणं फळीवरूनच आलं, त्याच्या कानाशी, यात शंका नव्हती.

पडद्यावर आलं, नऊ मीटर.

तो पाठच्या खिडकीशी गेला. तो आकडा भिंतीपलीकडे कुठे पडतो हे बघायची त्याला खरं तर गरज नव्हती. अठरा म्हणजे सुरूच्या बनाची कड. चौदा म्हणजे गडग्याच्या अलीकडचं परसू. नऊवर कपडे धुवायचा दगड होता. त्याच्यावर पाऊस पडत होता. दगडावर कुणी नव्हतं, परसात कुणी नव्हतं, सुरूची झाडं वाऱ्यानं एका अंगाला कलली होती. मग येऊन त्यानं रिमोट घेतला, यंत्राचा आकडा पुसून टाकला आणि टेपनं मोजलेला खरा आकडा हातानं भरला. चौथ्यांदा त्यानं मोजून पाहिलं नाही.

अक्षयाला त्यानं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. यमुनाबाई परत येऊन आपल्या जागी बसल्या, आणि त्यानं माईक उचलताना त्याच्या हाताकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, कितीवर आला? विनोदनं ऐकू न आल्यासारखं केलं.

परतताना पुलावर त्यानं स्कूटर कडेला घेतली. पाऊस थांबला होता, खाडी गढूळ आणि फुगलेली होती. राजिवड्याच्या बाजूला होड्या किनाऱ्याला ओढून, निळ्या प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेल्या. जून लागल्यापासून मासेमारी बंद होती. दोन महिने एकही होडी बाहेर पडत नाही, आणि शाकारलेल्या होडीवर वायरलेस लावून कुणी बसत नाही. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. होड्यांचं कारण शोधून काढताना ते त्याच्या मनात कसं आलं नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं. तो ओल्या कठड्याला हात लावून उभा राहिला आणि मग, घरी चहाची वेळ झाली आहे, असं स्वतःला सांगून निघाला.

आठवडा उलटला असेल नसेल, अक्षयाचा फोन आला. आज रजा टाकलीय, दुपारी येऊन जा, एवढंच म्हणाली. सेट बंद पडलाय का विचारलं तर म्हणाली, नाही, छान चाललाय.

यमुनाबाई सोफ्यावरच होत्या, पण बदललेल्या. केस विंचरलेले, अंगावर धुतलेलं लुगडं, पुढ्यात खाऊन संपवलेली ताटली. त्यांनी विनोदला बस म्हटलं, घरच्यांची चौकशी केली. चांगलं काम केलंस हो, म्हणाल्या. मग सहज, शेजारच्या मुलाबद्दल सांगावं तसं बोलल्या.

"आता खाकरत नाही. भिजला होता ना. घरात आल्यावर सुकला."

विनोदनं अक्षयाकडे पाहिलं. ती खिडकीशी उभी होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. आई जेवतात, झोपतात, हसतात; डॉक्टरांनाही बरं वाटलं, असं तिनं सांगितलं. ते चांगलं आहे की, विनोद म्हणाला. ती म्हणाली, हो, चांगलं आहे. मग म्हणाली, तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात. मी स्वयंपाकघराच्या दारातून पडदा बघत होते. अठरा दिसलं, चौदा दिसलं, नऊ दिसलं.

तो यंत्राचा दोष आहे, असं विनोद म्हणाला. जुना सेट आहे, ओल शिरली आहे. आपण तो माईक मोडून टाकू, पुन्हा कधी मोजायलाच नको.

"मोजा," अक्षया म्हणाली.

वहिनी, नको, असं तो म्हणाला.

"आईंना ऐकू येतं. त्यांना तो सुकलेला कळतो. मला दोन वर्षांत काहीसुद्धा कळलेलं नाही, दादा. ना हो, ना नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मला निदान आकडा तरी बघू द्या."

विनोदनं स्टूल सोफ्याच्या मधल्या गादीवर ठेवलं, माईक त्यावर ठेवला. या वेळी यमुनाबाई उठल्या नाहीत. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि लहान मूल गप्प बसतं तशा डोळे मोठे करून बसल्या.

समोरचा डावा. मधला. समोरचा उजवा. मागचा उजवा. मागचा डावा.

पडद्यावर आलं, सव्वा मीटर.

फळी दोन मीटरवर होती. सव्वा म्हणजे फळीच्या अलीकडे, सोफ्याच्या पाठीमागे, जिथे फक्त फरशी होती आणि फरशीवर दमटपणाचा चकाकता थर.

विनोद कपाटापाशी वाकला आणि त्यानं मागच्या डाव्याची तार रिसिव्हरमधून उपटून काढली. तांब्याची दोन टोकं त्यानं अक्षयाला दिसतील अशी बाजूला वळवून ठेवली. मग फळीवरचा स्पीकर उतरवून पडवीत नेऊन ठेवला. आता त्या वाटेला ना सुरुवात होती ना शेवट. असा जोडलेला नसलेला स्पीकर यंत्र वगळून पुढे जातं, पडद्यावर नाही म्हणून लिहितं. त्यानं हे अक्षयाला सांगितलं.

परत मोजायला लावलं.

समोरचा डावा चिवकला. मधला. समोरचा उजवा. मागचा उजवा.

मग काही नाही. पण यंत्र पुढे गेलं नाही. एका चिवकण्याला लागतो तेवढा वेळ खोली स्तब्ध राहिली. समुद्राचा आवाजही त्या वेळात आला नाही, निदान विनोदला नंतर तसंच आठवत राहिलं. यमुनाबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

पडद्यावर आकडे उमटले. मागच्या डाव्यापुढे नाही असं लिहिलेलं नव्हतं.

वीतभर अंतर होतं.

त्या यंत्राला त्याहून कमी लिहिताच येत नाही.

विनोदनं प्लग खेचला. पडदा काळा झाला, रिसिव्हरचा हिरवा दिवा विझला, आणि पावसाचा आवाज पुन्हा छपरावर आला.

मधल्या गादीवर स्टूल, स्टुलावर माईक, बाजूला सोफ्याच्या कडेला यमुनाबाई. अक्षया खिडकीपासून निघून सोफ्यासमोर येऊन उभी राहिली. खाली बसली नाही.

"आई," तिनं विचारलं, "कुठे?"

मधल्या गादीवर यमुनाबाईंच्या लुगड्याचा काठ पसरला होता. तो त्यांनी हलक्या हातानं ओढून, कुणाच्या खाली दबला असेल तर फाटू नये अशा बेतानं, थोडा थोडा करून आपल्याकडे घेतला.

अक्षया ते बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसेल असं विनोदला वाटलं होतं. भीती नव्हती. बाजारच्या गर्दीत ओळखीचं कुणीतरी पाठमोरं दिसावं आणि ते वळायची वाट बघावी, तसा तो चेहरा होता.

यमुनाबाई विनोदला म्हणाल्या की तो डबा आता घेऊन गेलास तरी चालेल, आम्हाला काय करायचाय. आणि मग अक्षयाला म्हणाल्या, "कोल्हापूरला जाऊ गो आपण. आता घर बंद राहिलं तर राहू दे."

विनोदनं रिसिव्हर नेला नाही. एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात छत्री होती म्हणून, असं त्यानं घरी बायकोला सांगितलं.

जायच्या दिवशी अक्षयानं त्याला सकाळी बोलावलं होतं. घर बरेच दिवस बंद राहणार, तर इन्व्हर्टर आणि मेन स्विच बघून द्या म्हणाली होती. नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही. तो गेला तेव्हा गाडी आली होती. अनिल म्हणून गावातलाच ड्रायव्हर डिकीत बॅगा लावत होता. पाऊस बेताचा पण चिकट, थांबायचं नाव नव्हतं. विनोदनं इन्व्हर्टर बंद केला, मेन खाली पाडला. हॉलच्या दारातून त्यानं आत पाहिलं नाही, पाय त्या बाजूला वळलेच नाहीत. अक्षयानं सगळ्या खोल्यांच्या खिडक्या लावल्या, पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि ते ओढून पाहिलं.

यमुनाबाई आधीच गाडीत होत्या. मागच्या सीटवर, दाराला अगदी टेकून, गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. मांडीवर शाल. बाकी सगळी सीट रिकामी होती. अक्षयाची पर्स आणि पाण्याची बाटली पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवलेली दिसत होती. तुम्ही मागे बसा ना काकींजवळ, त्यांना धरायला बरं, घाटात गाडी हेलकावे खाते, असं विनोद म्हणाला. मागे जागा नाही, असं अक्षया म्हणाली, आणि हे बोलून झाल्यावर त्याच्याकडे बघायचं टाळून गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली.

अनिलनं गाडी चालू केली. वायपर हलायला लागले.

पलीकडे जाऊन अक्षयानं मागचं दार उघडलं. विनोदला वाटलं, ती बसतेय. ती बसली नाही. तिच्या हातात छत्री होती, ती तिनं आपल्या डोक्यावर धरली नव्हती, पुढे करून उघड्या दाराच्या तोंडावर धरली होती. तिची पाठ भिजत होती. एखाद्या उंच माणसाला वाकून आत शिरायला आणि पाय ओढून घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिनं छत्री मिटली, वाकून सीटकडे एकदा पाहिलं आणि दार हळूहळू लोटत आणून लावलं, कुणाची बोटं सापडू नयेत असं.